पोलादावर धातूचा फवारा : थर्मल स्प्रे लेप कशाच्या आधारावर टिकतो

पुलाच्या तुळईवर किंवा साठवणटाकीवर धातूच्या फवाऱ्याचे काम चालू असताना प्रथमच पाहणारा माणूस दोन गोष्टींनी चक्रावून जातो. गनच्या तोंडाशी काही हजार अंश सेल्सिअस तापमानाचा झोत असतो, त्यातून वितळलेल्या धातूचे कण पोलादावर आदळत असतात, आणि तरीही काम थांबल्यावर थोड्याच वेळात त्या पोलादाला उघडा हात लावता येतो. दुसरी गोष्ट त्याहून कोड्यात टाकणारी आहे. हा धातू पोलादात वितळून मिसळत नाही, त्याच्याखाली कोणताही चिकट पदार्थ नसतो, शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यात बारीक छिद्रेही दिसतात. असे असूनही अशा लेपाखालचे पोलाद खाऱ्या हवेत जवळजवळ वीस वर्षे गंजाशिवाय राहिल्याच्या नोंदी आहेत.

पुढील विवेचन या दोन कोड्यांभोवतीच आहे. एक मत मात्र आधीच सांगून ठेवतो. या तंत्राविषयीची बहुतेक चर्चा गनचा प्रकार, झोताचे तापमान आणि कणांचा वेग यांत रंगते. लेपाचे आयुष्य मात्र मुख्यतः गन सुरू होण्याआधीच्या काही तासांत ठरून गेलेले असते.

थर्मल स्प्रे म्हणजे काय, आणि त्याची गरज का पडते

तारेच्या किंवा भुकटीच्या रूपातील पदार्थ गनमध्ये सोडायचा, उष्णतेने तो वितळवायचा किंवा निदान मऊ करायचा, वायूच्या झोताने त्याचे बारीक कण करून ते पृष्ठभागावर वेगाने मारायचे, आणि कणांवर कण बसवत लेप तयार करायचा, या सगळ्या पद्धतींच्या कुटुंबाला थर्मल स्प्रे असे नाव आहे. फवारण्याचा पदार्थ जस्त किंवा ॲल्युमिनियम असेल तर कारखान्यांत त्यालाच मेटलायझिंग म्हणतात. लेपाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ती सर्वसाधारणपणे १०० ते ३०० मायक्रॉन असते. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे माक्स उलरिख शूप यांनी १९१०च्या सुमारास या तंत्राचा पाया घातला. म्हणजे ही काही नवलाईची गोष्ट नाही, तिला शतकाहून अधिक काळ लोटला आहे.

पोलादाचा पृष्ठभाग दोन मुख्य कारणांनी खराब होतो. एक गंज, दुसरी झीज. गंजाचा भार किती आहे याचा अंदाज नेस इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला होता : जगभरात वर्षाला सुमारे २.५ लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के. झीज ही तुलनेने मुकाट चालते. वाळूमिश्रित पाण्याने टर्बाइनची पाती कुरतडली जातात, राखेच्या कणांनी बॉयलरच्या नळ्या पातळ होतात, पंपाची बाही आणि शाफ्ट एकमेकांवर घासून सैल होतात. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिल्याने होणारे नुकसान या क्षेत्रात वारंवार पाहायला मिळते. त्याकडे पुढे येऊच.

पोलाद तापत का नाही?

याचे उत्तर तापमान आणि उष्णता यांतील फरकात आहे. झोताचे तापमान कितीही असो, पोलादापर्यंत किती उष्णता पोचते हे किती पदार्थ पोचला यावर ठरते. दहा मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी घेतली आणि तिच्यावर १०० मायक्रॉन जस्त चढवले, तर जस्ताची जाडी पाटीच्या शंभराव्या भागाइतकी झाली. वितळलेले जस्त गोठताना आणि गार होताना सोडेल ती सारी उष्णता पाटीतच उतरली असे धरून हिशेब केला, तरी पाटीचे तापमान दहा अंशांनीसुद्धा वाढत नाही. झोतातील तप्त वायूची उष्णता यात धरलेली नाही, आणि तीच खरी काळजीची असते. म्हणून गन एका जागी कधी रोखून ठेवत नाहीत, ती ठरावीक अंतरावरून सतत फिरती ठेवतात आणि लेप एका फेरीत पुरा न करता अनेक फेऱ्यांत चढवतात. योग्य रीतीने केलेल्या कामात पोलादाचे तापमान बहुधा १५० अंशांच्या आत राहते. त्यामुळे पाटी वाकत नाही, उष्णतासंस्काराने पोलादाला दिलेली कठीणता जात नाही, आणि उभ्या असलेल्या पुलावर किंवा टाकीवर जागच्या जागी काम करता येते.

आदळलेल्या थेंबाचे पुढे काय होते

गनमधून निघालेला कण दहा ते शंभर मायक्रॉन व्यासाचा असतो. पोलादावर आदळताच तो पसरून चपटा होतो आणि काही मायक्रॉन जाडीची एक चकती उरते. हे सगळे सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास उरकते, आणि धातूच्या कणाचे तापमान सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातील वेगाने खाली येते. पुढचा कण येतो तो आधीच्या गोठलेल्या चकतीवर. लेपाचा आडवा छेद घेऊन पाहिला तर एकावर एक बसलेल्या वेड्यावाकड्या पातळ पापुद्र्यांची रचना दिसते. पापुद्र्यांच्या मध्ये उड्डाणात हवेशी संयोग पावलेल्या धातूच्या ऑक्साइडच्या काळपट रेघा असतात, कुठे नीट न वितळलेला गोल कण अडकलेला असतो, आणि जिथे एक चकती दुसरीवर पुरती टेकली नाही तिथे पोकळी राहिलेली असते.

या रचनेमुळे थर्मल स्प्रेचा लेप हा ओतीव किंवा लाटलेल्या धातूसारखा वागत नाही, ही गोष्ट संरचनेचे आराखडे करणारेसुद्धा कधी कधी विसरतात. त्याच धातूच्या अखंड तुकड्यापेक्षा तो ठिसूळ असतो, ताण सहन करण्याची त्याची क्षमता कमी असते, आणि पृष्ठभागाला समांतर दिशेत व लंब दिशेत त्याची ताकद वेगवेगळी असते.

लेप पोलादाला धरतो कसा

आता दुसरे कोडे. वेल्डिंगमध्ये खालचा धातूही वितळतो आणि वरचा त्यात मिसळतो. येथे खालचे पोलाद घनच राहते. काही पदार्थांच्या बाबतीत चकती आणि पोलाद यांच्यात अणूंच्या पातळीवरचे बंध थोड्या ठिकाणी जुळतात हे खरे, परंतु लेपाची पकड मुख्यतः यांत्रिक असते. पसरणारा थेंब पृष्ठभागावरील खाचाखोचांत शिरतो, तिथे गोठून आकसतो आणि अडकून बसतो.

गवंडी काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर गिलावा करण्याआधी त्याला टाचे मारून घेतो, धूळ झाडतो आणि मगच थापीने माल मारतो. टाचे मारले नाहीत तर गिलावा त्या दिवशी बसलेला दिसतो आणि पुढे केव्हातरी पोपड्यासारखा सुटून येतो. पोलादावर टाचे मारण्याचे काम ग्रिट ब्लास्टिंग करते. त्यात दाबाच्या हवेने कठीण व टोकदार कण पृष्ठभागावर मारतात. पोलादी ग्रिट, ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि गार्नेट हे त्यासाठीचे नेहमीचे पदार्थ आहेत. कण टोकदार असणे येथे महत्त्वाचे आहे. गोल शॉट मारल्यास पृष्ठभाग स्वच्छ होतो, डोळ्यांना खडबडीतही वाटतो, पण त्यावर उथळ वाटोळे खळगे पडतात आणि गोठलेल्या चकतीला अडकायला कडा मिळत नाहीत. टोकदार ग्रिटने साधारण ६० ते १०० मायक्रॉन उंचीचे तीक्ष्ण चढउतार तयार होतात. पोलाद आधीच फार कठीण केलेले असेल तर ग्रिट त्यात रुतत नाही आणि हवा तो खडबडीतपणा येतच नाही. अशा भागांवर लेप देण्याचे ठरवताना फेरविचार करावा लागतो.

स्वच्छतेची अट याहून कडक आहे. आयएसओ ८५०१ या मानकात ब्लास्टिंगने साधलेल्या स्वच्छतेच्या श्रेणी दिलेल्या आहेत. रंगकामाला एसए २½ ही श्रेणी उत्तम समजली जाते. धातूच्या फवाऱ्यासाठी ती किमान धरतात आणि ॲल्युमिनियमसाठी बहुधा एसए ३ मागतात, म्हणजे संपूर्ण पृष्ठभाग कोणत्याही डागाशिवाय एकसारख्या धातुवर्णाचा दिसला पाहिजे. रंग द्रव असतो, तो थोड्याफार धुळीला भिजवून पोटात घेतो. क्षणार्धात गोठणाऱ्या धातूच्या थेंबाला तेवढी सवड नसते.

डोळ्यांना न दिसणारी घाण अधिक फसवी असते. समुद्रकाठी राहिलेल्या किंवा रसायनांच्या संपर्कात आलेल्या जुन्या पोलादाच्या खड्ड्यांत क्षार बसलेले असतात, आणि ब्लास्टिंगने ते पूर्णपणे निघत नाहीत. क्षार ओल खेचतात आणि लेपाखाली गंजाची सुरुवात करून देतात. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुऊन, ब्लास्टिंग करून, क्षारांची चाचणी घ्यावी लागते. तेलाचे तसेच. ब्लास्टिंग तेल काढत नाही, उलट ते सगळीकडे पसरवते आणि खाचांत दाबते, म्हणून तेल आधीच काढून टाकले पाहिजे. ग्रिट मारणाऱ्या हवेतही कॉम्प्रेसरचे तेल किंवा पाणी असता कामा नये.

यानंतर घड्याळ सुरू होते. नुकतेच ब्लास्ट केलेले पोलाद अत्यंत संवेदनशील असते आणि दमट हवेत त्यावर काही तासांतच तपकिरी छटा धरते. त्यामुळे सहसा चार तासांच्या आत फवारणी सुरू करण्याची अट घालतात, आणि दमट हवेत त्याहूनही लवकर. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा, किमान तीन अंशांनी अधिक असले पाहिजे. मोठ्या संरचनेवर एका दिवसात जेवढे फवारता येईल तेवढेच ब्लास्ट करणे ही शिस्त कंटाळवाणी असते, आणि कामाची घाई झाली की पहिला घाव तिच्यावरच पडतो.

गनचे प्रकार

ज्वालाफवारणीत ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन किंवा प्रोपेन यांच्या ज्योतीत तार अथवा भुकटी वितळते. ॲसिटिलीनच्या ज्योतीचे तापमान तीन हजार अंशांच्या थोडे वर जाते. विद्युत-चाप पद्धतीत दोन तारांमध्येच चाप पेटतो, तारांची टोके वितळतात आणि दाबाची हवा तो रस फवारते. हिचा काम उरकण्याचा वेग मोठा आणि खर्च माफक असल्याने पूल, टाक्या, धक्क्यांचे खांब अशा मोठ्या क्षेत्रफळाच्या कामात जस्त आणि ॲल्युमिनियमसाठी तिलाच पसंती मिळते. प्लाझ्मा गनमध्ये वायूचे अणू विजेने फुटून दहा हजार अंशांच्या वरचा झोत तयार होतो. सिरॅमिकसाठी ती लागते, कारण झिर्कोनियासारखा पदार्थ २,७०० अंशांच्या आसपास वितळतो. वायू-टर्बाइनच्या पात्यांवरील उष्णतारोधक थर याच मार्गाने देतात.

१९८०च्या दशकात एचव्हीओएफ (हाय व्हेलॉसिटी ऑक्सि-फ्युएल, म्हणजे अतिवेगवान इंधन-ऑक्सिजन फवारणी) ही पद्धत रूढ होऊ लागली. तिच्यात इंधन आणि ऑक्सिजन बंद कक्षात दाबाखाली जाळून तो वायू अरुंद नळीतून बाहेर सोडतात आणि भुकटीचे कण सेकंदाला ५०० मीटरहून अधिक वेगाने आदळतात. येथे भर तापमानावर कमी आणि वेगावर जास्त असतो. त्याचा लाभ टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाला मिळतो, कारण फार तापवले तर हे कार्बाइड बिघडते. भुकटीतच असलेल्या आणि मऊ झालेल्या कोबाल्ट धातूने धरलेले कार्बाइडचे कण वेगाने आदळून दाट बसतात आणि छिद्रांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. चाप-फवाऱ्याच्या लेपात तेच प्रमाण अनेक पट असते. त्याच दशकात नोवोसिबिर्स्क येथील शास्त्रज्ञांनी शोधलेल्या शीत फवारणीत धातू वितळवतच नाहीत. तप्त पण धातूच्या वितळणबिंदूपेक्षा थंड अशा वायूने कण इतक्या वेगाने मारतात की ते आदळण्यानेच चपटे होऊन बसतात. तांबे आणि ॲल्युमिनियम यांसारख्या मऊ धातूंना ती विशेष जमते.

छिद्रे असलेला लेप गंज कसा थांबवतो?

ही शंका रास्त आहे. लेप म्हणजे पाणी अडवणारी भिंत अशी कल्पना केली तर छिद्रे असलेली भिंत निरुपयोगीच ठरेल. पण जस्त आणि ॲल्युमिनियम यांचे काम निव्वळ आडोशाचे नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असून दोघांवर क्षारयुक्त पाणी असेल तर त्यांचा एक विद्युतघट बनतो, आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजून दुसऱ्याला वाचवतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. छिद्रातून पाणी पोलादापर्यंत गेले किंवा लेपावर ओरखडा पडून पोलाद थोडेसे उघडे पडले, तरी आधी जस्त खर्च होते. शिवाय जस्ताच्या गंजण्यातून निघणारे पांढरे पदार्थ त्या छिद्रांतच साचून वाट बंद करतात.

ॲल्युमिनियम कागदावर जस्ताहून क्रियाशील आहे, परंतु त्याच्यावर ऑक्साइडचा चिवट पापुद्रा असतो आणि त्यामुळे ते फार सावकाश खर्च होते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड हा पापुद्रा मोडतात, म्हणून तेथे ते पोलादाचे रक्षण करण्याइतके सक्रिय राहते. याउलट गोड्या, कमी क्षारांच्या पाण्यात ते आळसावते आणि छिद्रांपाशी गंजाचे डाग दिसू शकतात. तेथे जस्त बरे. आम्लाशी किंवा तीव्र अल्कलीशी सतत संबंध येणार असेल तर दोन्ही निरुपयोगी. तापमान चढे असेल तर निवड ॲल्युमिनियमचीच, कारण जस्त ४१९ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी, साधारण ६० अंशांच्या वरच्या काही पाण्यांत, त्याची पोलादाला वाचवण्याची वृत्तीच उलटू शकते. उष्णतारोधक आवरणाखाली दडलेल्या गरम नळ्या हे पेट्रोरसायन उद्योगाचे जुने दुखणे आहे. आवरणात पाणी मुरते, नळी आतून गरम, आणि गंज बाहेरून कोणाला दिसत नाही. तेथे फवारलेल्या ॲल्युमिनियमने रंगापेक्षा पुष्कळ चांगली साथ दिली आहे.

पुरावा म्हणून सर्वांत अधिक सांगितला जातो तो अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने १९७४ साली प्रसिद्ध केलेला १९ वर्षांच्या चाचण्यांचा अहवाल. समुद्राच्या पाण्यात, किनाऱ्यावर आणि उद्योगांच्या प्रदूषित हवेत पोलादी पट्ट्या ठेवण्यात आल्या होत्या. केवळ ८० ते १५० मायक्रॉन जाडीच्या ॲल्युमिनियमच्या लेपाने, सीलर (छिद्रांत मुरून ती बुजवणारा पातळ द्रव) लावलेला असो वा नसो, खालच्या पोलादाचे त्या संपूर्ण काळात रक्षण केले. स्कॉटलंडमधील फोर्थ रोड ब्रिज १९६४ साली उघडला गेला, त्याच्या पोलादावरही जस्ताचा फवारा देऊन वर रंग दिलेला होता.

कठीण लेप गंजही अडवेल, हा समज

आता आधी सोडलेला धागा. टंगस्टन कार्बाइडचा लेप अतिशय कठीण असतो. व्हिकर्स या कठीणतेच्या मापावर तो बहुधा १,०००च्या वर जातो, आणि नदीच्या पाण्यातील क्वार्ट्झच्या कणांना तो साध्या पोलादाहून कितीतरी चांगला तोंड देतो. हिमालयासारख्या तरुण पर्वतांतून गाळ घेऊन येणाऱ्या नद्यांवरील जलविद्युत प्रकल्पांत टर्बाइनच्या भागांवर तो दिला जातो. परंतु तो पोलादासाठी स्वतः झिजणारा नाही. विद्युतघटात त्याची जागा जस्ताच्या उलट बाजूला आहे, म्हणजे त्याच्या सान्निध्यात पोलादच आधी खर्च होते. अशा लेपाला आरपार छिद्र असेल तर त्या छिद्राच्या तळाशी पोलादाला एकवटून खड्डा पडतो आणि वरचा लेप शाबूत दिसत असताना खालचा आधार पोखरला जातो. म्हणून या वर्गातील लेप दाटच असावा लागतो, कोबाल्टच्या जोडीला क्रोमियम असलेली भुकटी घ्यावी लागते, आणि वर सीलर द्यावा लागतो. वातावरण फार गंजकारक असेल तर लेपापेक्षा मूळ धातूच बदलावा, असे माझे मत आहे.

या कठीण लेपांना अलीकडे मागणी वाढण्यामागे आणखी एक कारण आहे. हायड्रॉलिक दट्ट्ये, विमानांची चाके जोडलेले खांब अशा भागांवर पूर्वी हार्ड क्रोमचा मुलामा देत. त्या मुलाम्याच्या हौदात षट्संयुजी क्रोमियमची संयुगे असतात आणि ती कर्करोगकारक आहेत. युरोपीय संघात त्यांपैकी क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर २१ सप्टेंबर २०१७ पासून परवानगीशिवाय करता येत नाही. एचव्हीओएफने दिलेल्या कार्बाइडने त्याची बरीच जागा घेतली, मात्र एका अडचणीसह : हा कार्बाइडचा लेप हिऱ्याच्या ग्राइंडिंग चाकाशिवाय घासून मापात आणता येत नाही.

जाड लेप दिला तर अधिक टिकेल ना?

नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. प्रत्येक चकती गोठून गार होताना आकसू पाहते. खालचा थर तिला आकसू देत नाही. त्यामुळे लेपात ताण साचतो. थरांवर थर चढत जातात तसा हा ताण एकूण वाढत जातो, आणि लेपाची कड उचलून धरण्याइतका झाला की चांगली पकडसुद्धा सुटते. तीक्ष्ण कोपऱ्यांवर हे प्रथम घडते, म्हणून कडा आधी गोल करून घेतात. जस्तासारख्या मऊ धातूत हा ताण बराचसा विरून जातो, कठीण पदार्थांत विरत नाही. एचव्हीओएफमध्ये वेगाने येणारे कण खालच्या थराला ठोकून दाबतात आणि आकसण्याच्या ताणाला काहीसा उतारा देतात.

मग रंग किंवा गॅल्व्हनायझिंग काय वाईट?

काहीच वाईट नाही. सुटे, मध्यम आकाराचे भाग असतील तर ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून केलेले गॅल्व्हनायझिंग सहसा स्वस्त पडते, पोकळ भागांच्या आतपर्यंत पोचते आणि त्यात जस्त व लोखंड यांचे मिश्रथरही तयार होतात. पण भाग हौदात मावला पाहिजे आणि त्या उष्णतेने वाकता कामा नये. रंगाचा सुरुवातीचा खर्च फवाऱ्याहून कमी असतो. फरक पुढे दिसतो, कारण रंगाला ओरखडा पडला की गंज त्याच्याखाली सरकत जातो आणि काही वर्षांनी मचाण पुन्हा बांधावे लागते. जेथे पुन्हा पोचणे अवघड किंवा उत्पादन थांबवावे लागणारे आहे, तेथे फवाऱ्याचा हिशेब बसतो. सहज हाताशी असलेल्या कठड्याला तो देणे म्हणजे उधळपट्टी.

फवारा आणि रंग दोन्ही एकत्र केले तर दुप्पट संरक्षण मिळेल, हा तर्क जस्ताच्या बाबतीत हवेतल्या संरचनांना बहुतांशी लागू पडतो. समुद्राच्या तुषारांत किंवा पाण्याखाली असलेल्या ॲल्युमिनियमवर जाड रंग देणे मात्र घातक ठरले आहे. रंगाला इजा होऊन पोलाद उघडे पडले की रंगाखालच्या कोंडलेल्या जागेत ॲल्युमिनियम वेगाने खर्च होते, तेथील पाणी आम्लधर्मी बनते आणि रंगाचे फुगे येऊन थरच्या थर सुटतात. तेथे छिद्रांत मुरेल इतकाच पातळ सीलर द्यावा आणि थांबावे.

जेथे हे तंत्र कामाचे नाही

फवारा सरळ रेषेत जातो. गनला जो भाग दिसत नाही तो तिला लेपता येत नाही. अरुंद नळीची आतली बाजू, खोल खोबणी, दोन पाट्यांमधील सांधा हे भाग सुटतात. कण शक्यतो काटकोनात आदळले पाहिजेत. ४५ अंशांपेक्षा तिरपे मारल्यास लेप सच्छिद्र आणि कमकुवत होतो.

झिजलेला शाफ्ट पुन्हा मापात आणण्यासाठी फवारा उत्तम आहे, पण त्याने शाफ्टची ताकद परत येत नाही, फक्त व्यास परत येतो. भेग गेलेला शाफ्ट लेपून वापरणे हा धोका आहे. गिअरच्या दात्यांसारख्या ठिकाणी, जिथे भार एका रेषेवर किंवा बिंदूवर एकवटतो, तसेच हातोड्यासारखे धक्के बसतात तिथे, लेप टवके उडून निघतो. तेथे वेल्डिंगने चढवलेला थर किंवा उष्णतासंस्कारच योग्य.

काम करणाऱ्याचे संरक्षण आणि कामाची तपासणी

चाप-फवाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि त्यातून अतिनील किरण निघतात. जस्ताची वाफ श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत पसरली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद टाकीत काम करताना हवा पुरवणारा शिरस्त्राणासारखा मुखवटा आणि धूळ खेचून नेणारी व्यवस्था यांना पर्याय नाही. ब्लास्टिंगसाठी साधी वाळू वापरणे फुप्फुसांच्या सिलिकोसिसमुळे अनेक देशांत बंद झाले आहे.

तपासणीत जाडी चुंबकीय मापकाने मोजतात. ती मोजणे सोपे असल्याने अहवालांत तिचीच पाने भरलेली असतात. पकड तपासण्यासाठी धातूची गुंडी लेपावर चिकटवून ओढतात. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत लेप सुटतो तो ताण मोजता येतो, एचव्हीओएफच्या कार्बाइडवर बहुधा चिकटवलेला गोंदच आधी निघतो आणि पकड निदान तेवढी आहे इतकेच कळते. ही चाचणी लेपाला इजा करते, म्हणून त्याच वेळी, त्याच गनने, त्याच फेऱ्यांत लेपलेल्या नमुनापट्ट्या वाकवून पाहण्याची पद्धत आहे. बारीक भेगा चालतात, लेप पोलादापासून सुटून येणे चालत नाही.

लेप चढला की खालचा पृष्ठभाग कायमचा झाकला जातो. तो टोकदार ग्रिटने खडबडीत केला होता की गोल शॉटने, त्यावर क्षार होते की नव्हते, ब्लास्टिंगनंतर फवारणीला दोन तास लागले की पुढचा दिवस उजाडला, हे नंतर जाडीच्या कोणत्याही मापकाला कळत नाही. म्हणून काम देणाऱ्याने कंत्राटातच थांबे ठरवून घ्यावेत : ब्लास्टिंग संपल्यावर आणि फवारणी सुरू होण्याआधी त्याच्या माणसाने पृष्ठभाग पाहावा, खडबडीतपणा व क्षार मोजावेत, पोलादाचे तापमान, दवबिंदू आणि वेळ नोंदवून सही करावी, आणि तोवर गन पेटू नये. या नोंदींना अर्धा तास लागतो, आणि त्या भागासाठी त्या नंतर पुन्हा घेता येत नाहीत.